ताईजवळची बाई

आमच्या घरात येणाऱ्या माणसाला मी आधी पायातलं काढायला लावते, मग कोपरापर्यंत हात धुवायला लावते, आणि त्यानंतरच त्याच्याशी बोलते. यावरून पुष्कळांनी नाकं मुरडली आहेत. मुरडोत बापडी. ज्यांच्या पोटात दुसऱ्याचं मूत्रपिंड किंवा यकृत नुकतंच बसवलेलं असतं, त्यांना औषधं देऊन मुद्दाम दुबळं ठेवतात, नाहीतर शरीर त्या नव्या पाहुण्याला हाकलून देतं. अशा माणसाला कुणाची साधी शिंकही महागात पडते. त्यामुळे शिंकणारा पाहुणा कितीही मोठा असो, मी त्याला फाटकातूनच परत पाठवते.

घर म्हणजे बंद पडलेलं टेलिफोन एक्स्चेंज. यंत्रं कधीच उचलून नेली, पण भिंतींवर त्यांच्या चौकटींचे फिकट डाग अजून आहेत. छत उंच, खिडक्या रुंद, आणि हॉस्पिटल पुलापलीकडे. तिथून सुट्टी मिळालेल्या पेशंटला पुढचे काही आठवडे जवळपासच राहावं लागतं आणि लांबून आलेल्यांना ते परवडत नाही. पूर्वी ही माणसं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पथाऱ्या टाकायची. आमच्या वस्तीला ते बघवलं नाही. सुताराने खाटा केल्या, त्यांचे कोपरे गोल ठेवले, कारण अशक्त माणूस पहिला धडकतो तो कोपऱ्यावर. रंगाऱ्याने रोज पुसता येईल असा रंग लावला. लाँड्रीवाला चादरी उकळत्या पाण्यातून काढतो. शिलाईवाल्या वहिनींनी मास्कला इलॅस्टिकऐवजी नाड्या लावल्या, कारण दिवसभर इलॅस्टिकने कान सोलून निघतात. असं घर दुसरीकडे असेल तर मला दाखवावं. मी बघायला जाईन आणि चुका काढून येईन.

मी नोकरीभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. इथेही मला सगळे रेक्टरबाईच म्हणतात. माझ्या नजरेतून सुटून कुणी परकं माणूस जिन्यापर्यंत पोहोचलं, असं तिथे कधी झालं नाही. चालीवरून, पाठीवरून, नुसत्या खाकरण्यावरून मी माणूस ओळखते. हे सांगायचं कारण पुढे येईल.

घराचे नियम मी केलेत. खोलीत जाताना मास्क, टोपी आणि पाठीमागे बांधायचा गाऊन. फुलं नाहीत, कुंड्या नाहीत. एक पेशंट, एक सोबती. पेशंटला घटकाभरही एकटं सोडायचं नाही. आणि शेवटचा नियम म्हणजे स्वयंपाकघरात कुणी कुणाला ‘तुमचा पेशंट कसा आहे’ असं विचारायचं नाही. हा नियम नव्याला तुटक वाटतो. पण एकदा एका बाईंना कुणीतरी हसतमुखाने हेच विचारलं होतं. त्या सिंकपाशी भांडी घासत होत्या. त्यांचा नवरा त्या दिवशी सकाळी गेला होता, आणि जाताना मागे खरकटं राहू नये म्हणून त्या परत आल्या होत्या. त्यांनी ‘बरा आहे’ असं सांगितलं आणि भांडी पुसून जागेवर लावली. तेव्हापासून ज्याला सांगायचं असेल तो आपणहून सांगतो, दुसरा विचारत नाही.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ आले तेव्हा कोपऱ्यातली उन्हाची खोली मोकळी होती. ताई बेकरीत भट्टीवर काम करायची. हातांवर चटक्यांचे जुने डाग. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं यकृत निकामी झालं, आणि ताईने आपलं अर्ध्याहून अधिक कापून त्याला दिलं. आईवडील नाहीत, दुसरं कुणी नाही. म्हणूनच आधी हॉस्पिटल ऑपरेशनची तारीख देत नव्हतं. कोऑर्डिनेटर मॅडम, म्हणजे हे सगळं जुळवून आणणाऱ्या बाई, मला म्हणाल्या होत्या, “नंतर बघायला माणूस नसेल तर पेशंट हातचा जातो, रेक्टरबाई. मी होकार देऊ शकत नाही.”

“माणूस आमचा,” मी म्हणाले.

आणि वस्तीने माझा शब्द खाली पडू दिला नाही. सकाळी शिलाईवाल्या वहिनी, दुपारी निवृत्त झालेले केमिस्टकाका, संध्याकाळी ड्रायव्हरकाका, रात्री लाँड्रीवाल्याचा थोरला भाऊ. ड्रायव्हरकाकांनी जन्मभर बस चालवली, आता आमची व्हॅन चालवतात आणि पेशंटला खड्डासुद्धा जाणवू देत नाहीत. पाळी बदलली की जाणारा माणूस येणाऱ्याला हळूच सांगायचा, औषध झालं, ताप नाही, पाणी उकळून ठेवलंय. ते ऐकताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

खोलीत दोन खाटा. एकीवर धाकटा पडलेला, पिवळेपणा उतरत चाललेला. दुसरीवर ताई, पडलेली कमी आणि बसलेली जास्त.

“नीट वाग हं त्याच्याशी,” ती भावाच्या पोटाकडे बोट करून म्हणायची. “माझं आहे ते.”

“तुझंच आहे म्हणून तर सारखं कुरकुरतंय,” धाकटा म्हणायचा.

दोघं हसायची, आणि ताई हसताना टाक्यांवर उशी दाबून धरायची.

साधारण आठवड्याने ड्रायव्हरकाका चहा पिता पिता म्हणाले, “ताईंसाठी वेगळी बाई ठेवलीत, हे मात्र झकास केलंत.”

मला वाटलं, शिलाईवाल्या वहिनी आपली पाळी संपल्यावरही रेंगाळत असतील. “ठेवायलाच हवी,” मी म्हणाले. स्तुती दाराशी आली की मी तिला परत पाठवत नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनीही तेच कौतुक केलं. नंतर केमिस्टकाकांनी. काका सहसा कुणाला बरं म्हणत नाहीत. ते म्हणाले, “फार शांत बाई आहे. कुठून मिळवलीत?” मी नुसती हसले. आपल्या नावावर काहीतरी चांगलं जमा होतंय एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मग लाँड्रीवाला आला. हा माणूस गप्पिष्ट, पण त्या दिवशी गठ्ठा ठेवून नुसताच उभा राहिला.

“काय झालं?”

“कोपऱ्याच्या खोलीतला एक गाऊन,” तो म्हणाला. “रोज येतो. बाकीच्यांना घामाचा वास असतो, औषधाचा असतो, कुणाच्या तेलाचा असतो. मी नाकाने कपडा ओळखतो बाई. याला कसलाच वास नाही.”

“म्हणजे न वापरलेला असेल.”

“वापरलेला आहे. कोपराला चुण्या आहेत, नाड्यांना गाठींचा पीळ आहे. हातात घेतला की गार लागतो, एवढंच.” त्याने खांदे उडवले. “उकळून देतोच आहे मी. आपलं तुमच्या कानावर घातलं.”

दुपार कलत होती. मी कोपऱ्याच्या खोलीकडे गेले. दाराला उभी काच आहे, तिच्यातून आत पाहिलं. केमिस्टकाका धाकट्याच्या उशाशी बसून डबीत गोळ्या मांडत होते. पलीकडे ताई कुशीवर झोपली होती, आणि तिच्या खाटेशी स्टुलावर एक बाई होती. गाऊन, टोपी, मास्कच्या नाड्या मानेवर बांधलेल्या. पाठ माझ्याकडे. उजवा हात ताईच्या कमरेखाली, उठायला आधार द्यावा तसा सरकवलेला. खिडकीतून ऊन तिच्यावर पडलं होतं, त्यात काही वावगं नव्हतं. मी त्या पाठीकडे बघत राहिले. वस्तीतली एकेक पाठ आठवून पाहिली. ही पाठ मी पाहिलेली नव्हती.

मी दार उघडलं. “तुम्ही कुणाकडून आलात?”

ती वळली नाही.

“हळू,” ती म्हणाली. “आत्ता कुठे डोळा लागलाय.”

मला जन्मात कुणी ‘हळू’ म्हटलेलं नाही. ते मीच लोकांना म्हणते. पण मी मुकाट्याने मागे सरले, दार लोटून घेतलं आणि काचेपाशी उभी राहिले. राग यायला हवा होता. राग आला नाही. तिथून हलायचं नाही, बाहेर आली की विचारायचं, असं ठरवून मी दारातच ठाण मांडलं.

थोड्या वेळाने केमिस्टकाका पाणी न्यायला बाहेर आले. मी आत डोकावले. स्टूल रिकामं होतं.

“ती बाई कुठे गेली?”

“गेली असेल आत्ताच.”

“कुठून?”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “दारातून. आणखी कुठून?”

खोलीला दार एकच आहे. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या आम्ही कायमच्या बंद केल्यात. संध्याकाळच्या चहाला सगळ्यांना थांबवून घेतलं आणि सरळ विचारलं, “ताईजवळ बसते ती बाई कुणी आणली?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“तुम्हीच ना?” वहिनी म्हणाल्या.

“मी नाही.”

“मग ती कुणाच्या तरी पेशंटची असेल,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “मला वाटलं तुमची. विचारायचं तर नाहीच ना इथे कुणाला काही. आणि तोंडं तर सगळ्यांची बांधलेली.”

कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला तेवढाच.

मला त्या क्षणी भूतबीत काही सुचलं नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, परकं माणूस. तपासलेलं नाही, शिंकतं का खोकतं माहीत नाही, आणि रोज माझ्या दोन लेकरांच्या खोलीत बसतंय. एवढ्याने धाकट्याचा जीव जाऊ शकतो. हे हॉस्पिटलला सांगितलं तर मॅडम दोघांना हलवतील, आणि पुन्हा आमच्याकडे कुणाला पाठवणार नाहीत. एवढ्या हातांनी उभं केलेलं घर माझ्या एका फोनने बंद पडणार होतं. तरी मी फोन केला. मुलींच्या जिवावर बेतेल असं काही मी वसतिगृहात लपवलं नाही, इथेही लपवणार नव्हते.

“उद्या दुपारी येते,” मॅडम एवढंच म्हणाल्या.

त्या आल्या, पायातलं काढलं, स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी हात धुऊ लागल्या. मी बाजूला उभी राहून सगळं सांगत होते, आणि सांगता सांगता आमच्या घराची तरफदारीही करत होते. वहिनी भाजी चिरत होत्या. पातेल्यात सूप उकळत होतं. भरदुपार होती.

दारात ती उभी होती.

वहिनींची सुरी थांबली. पहिल्यांदाच मला तिचा समोरचा भाग दिसला, म्हणजे टोपी आणि मास्क यांच्यामधले डोळे. साधे होते, कित्येक रात्रींचं जागरण झालेले. इथे सगळ्यांचेच तसे असतात.

“ताईंना बघा,” ती म्हणाली.

“तुम्ही कोण?” मी विचारलं.

“आधी बघा.”

मी मॅडमकडे वळले, पुन्हा दाराकडे वळले, तोवर ती नव्हती. आम्ही व्हरांड्यातून जवळजवळ पळतच गेलो.

खोलीत सगळं जागच्या जागी होतं. धाकटा झोपला होता. काका त्याच्याजवळ होते. ताई खाटेवर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती.

“अगंबाई, फौजच आली की,” ती हसून म्हणाली. “मला काय धाड भरलीय? त्याला बघा.”

मॅडम धाकट्याकडे वळल्या. आम्ही सगळेच इतके दिवस तिकडेच वळत आलो होतो.

मी मात्र ताईच्या हसण्याकडे पाहिलं. तापाने फणफणलेल्या मुली सहलीला जाता यावं म्हणून माझ्यासमोर अशाच हसायच्या. मी तिचा हात धरला. तो गार आणि घामेजलेला होता. नाडी धावत होती.

“पोट बघू.”

“काही नाही हो, टाके ओढतात.”

मी पोटावर हात ठेवला. ते फळीसारखं कडक लागलं, आणि ताईच्या तोंडावरचं हसू तिथल्या तिथे विरलं.

“कधीपासून दुखतंय?”

ती भावाकडे बघत होती. “त्याच्यासमोर नको ना,” ती पुटपुटली. “तो घाबरेल.”

“ड्रायव्हरकाका!” मी ओरडले. माझ्याच घरात, माझाच हळू बोलायचा नियम मोडून.

काकांनी व्हॅन दाराशी लावली.

ताईला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिचा हात मागे राहिला होता, कुणाच्या तरी हातात असावा तसा. मी तो उचलून तिच्या छातीवर ठेवला.

पूल ओलांडला.

यकृत जिथे कापलं होतं तिथून पित्त आत झिरपत होतं. डॉक्टरांनी तिला पुन्हा टेबलावर घेतलं. धाकट्याला हॉस्पिटलच्या गर्दीत नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी परत येऊन त्याच्याजवळ बसले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, “तिला काही झालं तर हे पोटात घेऊन मी काय करू?” मी हातमोजा घातला आणि त्याचा हात धरून ठेवला. मला रडू येत होतं, आणि मास्क ओला करायची परवानगी नाही म्हणून मी ते गिळत होते.

अंधार पडायच्या आत मॅडमचा फोन आला. ताई वाचली होती.

“डोनर एकदा उठून चालायला लागला की तो बरा आहे असं आपण धरून चालतो,” मॅडम नंतर मला म्हणाल्या. “तुम्हीही, आम्हीही. तुमच्या त्या बाईने मात्र धरलं नाही.”

परक्या बाईबद्दल त्यांनी पुढे एक अक्षर काढलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनीही तिला पाहिलं होतं.

ताई परत आली तेव्हा वस्तीने तिला फाटकापासून उचलून आणायचं तेवढं बाकी ठेवलं. आम्ही नियम बदलला: देणाराही पेशंटच. एक पेशंट, एक सोबती, म्हणजे दोघांना दोन. आमच्या घरचा हा नियम हॉस्पिटलने जसाच्या तसा उचलला, आता तिथे तो भिंतीवर लावलाय. लोक तो मोठ्या डॉक्टरांचा समजतात. मी तिथून जाताना ऐटीत जाते आणि ड्रायव्हरकाका मागून म्हणतात, “मान जरा खाली, रेक्टरबाई, पंख्याला लागेल.”

ताई बेकरीत परत गेली, धाकटा लिफ्ट दुरुस्तीला लागला. निघायच्या आदल्या दिवशी मी ताईला एकटीला गाठून विचारलं, ती बाई तुझ्याशी काय बोलायची?

“काहीच नाही. कुशीवर वळवायची, पाठीखाली हात द्यायची. एकदा मीच विचारलं. रागावू नका हं, नियम मोडला मी. म्हटलं, ‘तुमचं कोण आहे इथे?’”

“मग?”

“मग म्हणाली, ‘हे मला कुणी विचारलंच नव्हतं.’ आणि माझं पांघरूण सारखं केलं.”

त्या रात्री मी तो न विचारायचा नियम काढून टाकावा का, यावर विचार केला. काढला नाही. पण आता स्वयंपाकघरात कुणी एकटं भांडी घासत असलं की मी फडकं घेऊन शेजारी उभी राहते.

यालाही आता बरेच महिने झाले. घर भरलेलं असतं. दूरदूरची माणसं येतात, प्रत्येक जोडीला आमचे दोन सोबती, आणि कुठल्याही खोलीत आगंतुक कुणी दिसत नाही. दिसायला नकोच, आता गरज काय? मी पहाटेपासून दिवे मालवेपर्यंत पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते. अलीकडे जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, साड्यांचे ब्लाउज सैल झालेत. वहिनींनी टोकलं तेव्हा मी त्यांना चार शब्द सुनावले. काम करणाऱ्याच्या अंगावर चरबी टिकत नाही, म्हटलं.

आज दुपारी चहाला बसलो होतो. ड्रायव्हरकाकांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, “शेवटी ऐकलंत म्हणायचं. बरं केलंत.”

“काय ऐकलं?”

“स्वतःसाठीही माणूस ठेवलंत ते. तुमच्या ऑफिसात बसते ना ती, सोमवारपासून.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवला. कुणी आणखी काही विचारण्याआधी उठले.

व्हरांड्यात ऊन होतं. माझ्या ऑफिसच्या दारालाही काच आहे. मी तिथे थांबले, श्वास पुरेना म्हणून चौकटीला धरून उभी राहिले, आणि माझ्याच दारावर टकटक केली.

आतली बाई उठली. तिने माझी खुर्ची हळूच मागे ओढून धरली, आणि मी बसायची वाट बघत उभी राहिली.